गच्चीवरची खरी दुपार: एक सळई, एक पाइप आणि पृथ्वीची गिरकी

पुण्यातल्या आमच्या गच्चीवर ११ फेब्रुवारीला सूर्य माथ्यावर येतो दुपारी १२ वाजून ४९ मिनिटांनी. ३ नोव्हेंबरला त्याच गच्चीवर तो येतो १२ वाजून १८ मिनिटांनी. माथ्यावर म्हणजे त्या दिवसातल्या सर्वात उंच जागी, बरोबर दक्षिणोत्तर रेषेवर. सूर्य तोच, गच्ची तीच, तरी अर्ध्या तासाची तफावत. आणि वर्षभरात एकाही दिवशी तो बाराच्या ठोक्याला येत नाही.

पृथ्वी स्वतःभोवती फिरते म्हणून दिवस-रात्र होते हे चौथीच्या पोरालाही पाठ असते. त्या फिरण्यातून मनगटावरची वेळ कशी निघते, हे मात्र स्वतः मोजून पाहिल्याशिवाय नीट उमगत नाही. मोजायला दुर्बीण लागत नाही. दोन मोकळे दिवस, आठवडाभराच्या रात्रींतली पाच-पाच मिनिटे आणि हार्डवेअरच्या दुकानातले थोडे सामान पुरते. ऑक्टोबर ते मार्च हा काळ उत्तम. एप्रिल-मेमध्येही जमते, फक्त तेव्हा गच्चीवर कुरडया-पापडांचे वाळवण असते आणि त्या भांडणात खगोलशास्त्र हरते.

आधी सामान आणि जागा

तीन फूट बाय तीन फूट प्लायचा सपाट तुकडा, त्यावर चिकटवायला पांढरा कागद, ३०-३५ सेंटिमीटर लांबीची सरळ सळई, पत्र्याची छोटी पट्टी, ओळंबा आणि गवंड्याकडे असते ती बुडबुड्याची लेव्हल. मोबाइलमध्ये सेकंद दाखवणारे घड्याळ ठेवा आणि वेळ ‘ऑटोमॅटिक’वर असल्याची खात्री करा.

प्लाय हवाच. गच्ची दिसते सपाट, पण पाण्याचा निचरा व्हावा म्हणून तिला उतार दिलेला असतो. पहिल्या खेपेला मी थेट लादीवर खडूने वर्तुळे काढली आणि दुपार सहा मिनिटे उशिरा आली. दोष पृथ्वीचा नव्हता. प्लायखाली पुठ्ठ्याचे तुकडे सारून तो दोन्ही दिशांनी लेव्हलमध्ये आणा.

सळई उभी रोवून तिच्या टोकाला पत्र्याची पट्टी आडवी बसवा आणि पट्टीला तीन मिलिमीटरचे भोक पाडा. नुसत्या सळईच्या टोकाची सावली धूसर पडते, कारण सूर्य हा ठिपका नाही, सुमारे अर्ध्या अंशाची तबकडी आहे. भोकातून मात्र सावलीच्या मधोमध प्रकाशाचा गोल ठिपका पडतो आणि त्याचा मध्य पेन्सिलीने धरता येतो. आता भोकातून ओळंबा सोडा. तो कागदावर जिथे टेकेल तो तुमचा मध्यबिंदू. त्याभोवती कंपासने किंवा दोऱ्याने चार-पाच वर्तुळे काढा.

वर्तुळे केवढी काढायची हे ऋतूवर ठरते. भोक कागदापासून ३० सेंटिमीटर उंच असेल तर पुण्यात डिसेंबरअखेर ऐन दुपारीही ठिपका मध्यापासून सुमारे २७ सेंटिमीटरवर असतो, मार्चच्या विषुवदिनाला जेमतेम १० सेंटिमीटरवर. म्हणून डिसेंबरात ३२ ते ४२ सेंटिमीटर त्रिज्येची वर्तुळे हवीत. मार्चमध्ये १५ ते ३० पुरतात.

पहिला दिवस: खरी दुपार पकडणे

सकाळी ठिपका लांब असतो आणि हळूहळू आत सरकतो. तो प्रत्येक वर्तुळाला शिवेल तेव्हा तिथे खूण करा आणि वेळ सेकंदांसह लिहा. दुपारनंतर तो पुन्हा बाहेर पडू लागतो. तीच वर्तुळे उलट क्रमाने ओलांडतो. पुन्हा खूण, पुन्हा वेळ. मधल्या वेळात जेवून घ्या. ऐन दुपारी ठिपक्याचे अंतर इतके सावकाश बदलते की तेव्हा टक लावून बसण्यात अर्थ नसतो. सर्वात लहान सावली कधी पडली ते नुसत्या डोळ्यांनी ठरवायला जाणारे इथेच फसतात.

आता एकाच वर्तुळावरच्या दोन वेळांची सरासरी काढा. समजा ११ फेब्रुवारीला पुण्यात एका वर्तुळावर सकाळी १०:२०:३० आणि दुपारी १५:१७:०० अशा वेळा मिळाल्या. बेरीज २५:३७:३०, निम्मे १२:४८:४५. ही तुमची खरी दुपार. चार वर्तुळांची चार उत्तरे येतील, त्यांची पुन्हा सरासरी घ्या. मिनिटभराची चूक राहिली तर वाईट वाटून घेऊ नका.

त्याच कागदातून दिशाही फुकट मिळते. एका वर्तुळावरच्या दोन खुणा जोडल्या की पूर्व-पश्चिम रेषा. तिचा मध्य वर्तुळाच्या केंद्राशी जोडला की दक्षिणोत्तर. शुल्बसूत्रांच्या, म्हणजे वेदीची मापे सांगणाऱ्या प्राचीन ग्रंथांच्या, काळापासून यज्ञवेदीची पूर्व दिशा याच शंकूच्या (उभ्या काठीच्या) युक्तीने साधत. होकायंत्रापेक्षा मी हिच्यावर जास्त विसंबतो, कारण स्लॅबमधले लोखंड होकायंत्राला सहज भुलवते. दक्षिणोत्तर रेषा ठळक करून ठेवा, पुढे लागणार आहे.

ती दुपार बाराला का नाही?

दोन दुरुस्त्या आहेत. पहिली सोपी आणि कायमची, दुसरी दर दिवशी बदलणारी.

पृथ्वी सूर्याच्या हिशेबाने २४ तासांत ३६० अंश फिरते, म्हणजे तासाला १५ अंश आणि एका अंशाला ४ मिनिटे. भारताची प्रमाणवेळ उत्तर प्रदेशातल्या मिर्झापूरजवळून जाणाऱ्या ८२.५ अंश पूर्व रेखावृत्तावर बांधलेली आहे. आपण त्याच्या पश्चिमेला, म्हणून आपल्याकडे सूर्य उशिरा पोहोचतो. मोबाइलच्या नकाशातून आपल्या घराचे रेखांश घ्या, ८२.५ मधून वजा करा, ४ ने गुणा. पुणे ७३.८६: फरक ८.६४ अंश, म्हणजे साडेचौतीस मिनिटे. मुंबईचा उशीर जवळपास ३९ मिनिटांचा, पणजीचा पुण्याइतकाच, कोल्हापूरचा ३३, सोलापूरचा २६, नागपूरचा १४ आणि गडचिरोलीचा जेमतेम १०. म्हणजे गडचिरोलीत सूर्य माथ्यावर आल्यावर मुंबईत यायला त्याला जवळपास अर्धा तास लागतो, आणि दोन्हीकडची घड्याळे मात्र सारखीच.

हा ३९ मिनिटांचा आकडा मुंबईकरांनी एकेकाळी प्रतिष्ठेचा केला होता. आगगाडी येईपर्यंत गावोगावी आपापली दुपार चालत असे आणि कुणाचे काही अडत नसे. आगगाड्यांना एकच वेळ हवी होती, म्हणून रेल्वे मद्रासच्या वेळेवर चालू लागली. ती ग्रिनिचच्या ५ तास २१ मिनिटे पुढे. मुंबईची स्वतःची वेळ ४ तास ५१ मिनिटे पुढे. १ जानेवारी १९०६ पासून साडेपाच तासांची भारतीय प्रमाणवेळ आली, तरी कलकत्त्याने आपली वेळ १९४८ पर्यंत आणि मुंबईने १९५५ पर्यंत सोडली नाही. एकाच शहरात दोन वेळा चालायच्या, तेव्हा भेट ठरवताना कोणत्या घड्याळाने ते विचारावे लागे. जुन्या लग्नपत्रिकांत मुहूर्तापुढे ‘स्टँ. टा.’ (स्टँडर्ड टाइम) अशी अक्षरे दिसतात ती याच गोंधळाची खूण. आसामच्या चहामळ्यांत आजही घड्याळ तासभर पुढे ठेवतात, त्याला ‘बागान टाइम’ म्हणतात. ज्यांना कामाला उजेड हवा ते सूर्याचेच ऐकणार.

दुसरी दुरुस्ती म्हणजे कालसमीकरण. पंचांगगणितात त्याला वेलांतर असेही म्हणतात. घड्याळातला २४ तासांचा दिवस हा सरासरीचा दिवस आहे. एका खऱ्या दुपारपासून दुसऱ्या खऱ्या दुपारपर्यंतचा काळ डिसेंबरच्या अखेरीस २४ तासांहून सुमारे ३० सेकंदांनी जास्त भरतो, तर सप्टेंबरच्या मध्यास सुमारे २१ सेकंदांनी कमी. पृथ्वीची गिरकी अडखळत नाही, कारण वेगळेच आहे. एका गिरकीच्या वेळात पृथ्वी आपल्या कक्षेतही पुढे सरकलेली असते, म्हणून सूर्य पुन्हा समोर आणायला तिला आणखी थोडे वळावे लागते. हे ‘आणखी थोडे’ रोज सारखे नसते. जानेवारीच्या सुरुवातीला पृथ्वी सूर्याच्या सर्वात जवळ असते आणि जोरात पळते. शिवाय तिचा आस साडेतेवीस अंशांनी कललेला आहे, त्यामुळे सूर्याची आकाशातली वार्षिक वाट विषुववृत्ताला तिरकी पडते. या दोन्ही गोष्टींचा रोजचा हिशेब सेकंदांचा, पण तो साचत जातो आणि मिनिटांवर पोहोचतो.

साचलेली रक्कम अशी: ११ फेब्रुवारीच्या सुमारास सूर्य १४ मिनिटे मागे, १४ मेच्या सुमारास पावणेचार मिनिटे पुढे, २६ जुलैच्या सुमारास साडेसहा मिनिटे मागे, ३ नोव्हेंबरच्या सुमारास १६ मिनिटांहून थोडा जास्तच पुढे. १५ एप्रिल, १३ जून, १ सप्टेंबर आणि २५ डिसेंबर या दिवसांच्या आसपास हिशेब शून्य. सूर्य मागे असेल तर मिनिटे मिळवायची, पुढे असेल तर वजा करायची. पुण्याचे मूळ १२:३४:३४. त्यात फेब्रुवारीचे १४ मिळवा, १२:४९. नोव्हेंबरचे १६ वजा करा, १२:१८. सुरुवातीचे दोन आकडे जुळले.

संध्याकाळी फिरायला जाणाऱ्यांना यातली एक गंमत नकळत माहीत असते. सर्वात लहान दिवस २१-२२ डिसेंबरचा. पण आपल्याकडे सर्वात लवकरचा सूर्यास्त नोव्हेंबरच्या उत्तरार्धातच होऊन गेलेला असतो आणि सर्वात उशिराचा सूर्योदय जानेवारीच्या मध्याच्या सुमारास येतो. त्या दिवसांत दुपारच रोज २०-३० सेकंदांनी पुढे ढकलली जाते आणि दिवसाची दोन्ही टोके तिच्याबरोबर सरकतात. ‘संक्रांत आली तरी सकाळी उजाडत का नाही’ या तक्रारीचे मूळ हेच.

आपल्या खुणांची परीक्षा: शून्य सावलीचा दिवस

पुण्यात १३-१४ मे रोजी दुपारी १२:३१ च्या सुमारास सूर्य अक्षरशः डोक्यावर येतो आणि उभ्या सळईची सावली तिच्याच पायात गुडूप होते. कोल्हापुरात हा दिवस ६-७ मेच्या सुमारास, मुंबईत १५-१६ मेच्या, नागपुरात २६ मेच्या. जुलैत (कोल्हापुरात ऑगस्टच्या सुरुवातीला) तो पुन्हा येतो, पण तेव्हा ढगच असतात, त्याची वाट पाहू नका. त्या दिवशी भोकाचा ठिपका तुमच्या ओळंब्याच्या बिंदूवर बसला तर तो मध्यबिंदू बरोबर भोकाखाली आहे. नाही बसला, तर चूक कोणत्या दिशेला आणि केवढी आहे हे तोच दाखवतो.

रात्रीचे काम: चार मिनिटांची चोरी

आता सूर्य सोडा आणि तारा धरा. गच्चीवर एक पक्की जागा ठरवा, जिथून पश्चिमेकडच्या इमारतीची किंवा पाण्याच्या टाकीची उभी कड दिसते. डोके हलू नये म्हणून कठड्याला हनुवटी टेकवा आणि एक डोळा मिटा. हिवाळ्यात व्याध किंवा मृगातला एखादा ठळक तारा घ्या. ग्रह नको, चंद्र तर नकोच. तारा कडेआड गेला की दिवा विझावा तसा एका क्षणात नाहीसा होतो. वेळ लिहा. दुसऱ्या रात्री त्याच जागेवरून पुन्हा.

तारा ३ मिनिटे ५६ सेकंद आधीच गेलेला असेल. दहा रात्रींत ३९ मिनिटे, महिन्यात जवळपास दोन तास. पृथ्वीची खरी गिरकी, म्हणजे ताऱ्यापासून त्याच ताऱ्यापर्यंतची, २३ तास ५६ मिनिटे ४ सेकंदांची आहे. उरलेली चार मिनिटे ती सूर्याला गाठण्यासाठी ‘आणखी थोडे’ वळते त्यात जातात. हे थोडे म्हणजे जवळपास एक अंश. वर्षभरात त्यातून एक अख्खी जादा गिरकी जमा होते: ३६५ दिवस आणि ३६६ गिरक्या.

घरात पंचांग असेल तर लग्नांचे कोष्टक उघडून बघा. इथे लग्न म्हणजे विवाह नव्हे, त्या वेळी पूर्वेला उगवणारी रास. मेष लग्न आज ज्या वेळी सुरू होते, उद्या त्याच्या चार मिनिटे आधी. फलज्योतिषावर तुमचा विश्वास असो-नसो (माझा नाही), ते कोष्टक म्हणजे पृथ्वीच्या गिरकीचेच वेळापत्रक आहे. इसवी सन ४९९ मध्ये आर्यभटाने लिहून ठेवले की नावेतून पुढे जाणाऱ्याला काठावरच्या गोष्टी मागे जाताना दिसतात, तसे स्थिर तारे आपल्याला पश्चिमेकडे जाताना दिसतात. त्याने ४३,२०,००० वर्षांच्या युगात पृथ्वीच्या १,५८,२२,३७,५०० गिरक्या मोजल्या होत्या. त्याच्याच युगातल्या दिवसांशी भागाकार केला तर एका गिरकीला २३ तास ५६ मिनिटे ४.१ सेकंद येतात. दुर्बिणीच्या अकराशे वर्षे आधी!

मोजमाप आपल्याकडे घटका-पळांत होते. अहोरात्राच्या ६० घटका, घटकेची ६० पळे. ‘घटकाभर टेक’ म्हणजे हिशेबाने २४ मिनिटे टेक, आणि पळ म्हणजे २४ सेकंद. लग्नमुंजीत पाण्याने भरलेल्या घंगाळात बुडाला बारीक भोक असलेली तांब्याची वाटी सोडत, ती बुडाली की घटका भरली. मोजणी सूर्योदयापासून, म्हणून जुन्या पत्रिकांत ‘सूर्योदयात् गतघटी’ असते. या रीतीत दिवस मध्यरात्री बदलत नाही. मंगळवारी पहाटे तीनला जन्मलेले बाळ दवाखान्याच्या दाखल्यावर मंगळवारचे आणि आजीच्या लेखी सोमवारचे. दोघेही बरोबर. इस्लामी कालगणनेत दिवस सूर्यास्ताला बदलतो. गिरकी एकच, ती कुठून मोजायला लागायचे हा माणसांचा आपसातला प्रश्न.

शेवटी घड्याळ: अर्ध्या पाइपचे

आडव्या तबकडीचे सूर्यघड्याळ सगळ्या पुस्तकांत असते, पण ते आपल्या अक्षांशांवर गैरसोयीचे आहे. पुण्यात त्याच्या दुपारच्या ताशी रेघा पाच-पाच अंशांवर दाटीने येतात आणि सकाळ-संध्याकाळच्या लांब पसरतात. त्यापेक्षा हे करा.

आतून सहा इंच व्यासाचा पीव्हीसी पाइप, ६० सेंटिमीटर लांब, प्लंबरकडून उभा चिरून घ्या. एक अर्धी पन्हळ आपली. तिच्या दोन्ही टोकांना लाकडी अर्धवर्तुळे बसवा आणि कडांच्या पातळीत, बरोबर मधोमध, एक तार ताणून बांधा. ही तार म्हणजे पृथ्वीच्या आसाची धाकटी बहीण. ती आसाला समांतर ठेवायची: पन्हळ पहिल्या दिवशीच्या दक्षिणोत्तर रेषेवर ठेवा आणि उत्तरेकडचे टोक आपल्या अक्षांशाइतके उचला. पुण्याला साडेअठरा अंश, म्हणजे ६० सेंटिमीटरच्या पन्हळीचे टोक १९ सेंटिमीटर वर. रात्री तारेच्या रेषेत डोळा लावलात आणि हवा स्वच्छ असली तर समोर ध्रुव दिसेल. हात लांब केल्यावर एक मूठ साधारण दहा अंशांची, तर तो क्षितिजापासून जवळजवळ दोन मुठी उंच.

तारेची सावली सकाळी पश्चिमेच्या कडेवर पडते, दुपारी तळाशी आणि संध्याकाळी पूर्वेच्या कडेवर. पृथ्वी एकसारखी फिरते म्हणून सावलीही एकसारखी सरकते आणि सगळे तास सारख्या अंतरावर येतात. सहा इंचांच्या पाइपचा आतला घेर सुमारे ४८ सेंटिमीटर, भागिले २४, म्हणजे तासाला २ सेंटिमीटर. एक मिलिमीटर म्हणजे ३ मिनिटे. जयपूरच्या जंतरमंतरमधले २७ मीटर उंच सम्राट यंत्र याच तत्त्वाचे आहे. तिथे सावली सेकंदाला जवळपास एक मिलिमीटर धावते, डोळ्यांना चालताना दिसते. आपल्या पन्हळीत तेवढा तोरा नाही.

खुणा करताना तळाच्या रेघेवर १२ लिहू नका. आपल्या गावचा कायमचा फरक आधीच घाला: पुण्यात तळाच्या रेघेवर १२:३५, मुंबईत १२:३९, नागपुरात १२:१४. बाकीच्या रेघा त्यावरून मोजा. मग रोज फक्त कालसमीकरणाची मिनिटे उरतात, तो तक्ता पाइपच्या कडेला चिकटवा.

पृथ्वी फिरते याचा सूर्य-ताऱ्यांशिवायचा पुरावा हवा असेल तर पुण्यात आयुका या खगोलशास्त्राच्या संशोधन केंद्राच्या आवारात फुको लोलक आहे. फ्रेंच शास्त्रज्ञ फुकोने हा प्रयोग १८५१ मध्ये पॅरिसमध्ये जाहीरपणे केला. लोलकाच्या झोक्याची दिशा सावकाश वळत जाते. पुण्याच्या अक्षांशावर पुरा फेरा व्हायला सुमारे ७५ तास लागतात, ध्रुवावर एकच गिरकी पुरते.

आणि घड्याळ एवढे अचूक करून झाल्यावर कळते की गिरकीही तंतोतंत नाही. भरती-ओहोटीच्या ओढीने ती अतिशय सावकाश मंदावते आहे, मध्येच थोडी वेगही घेते. अणुघड्याळांशी तिचा मेळ राखायला १९७२ पासून २७ लीप सेकंद, म्हणजे एकेक जादा सेकंद, घातले गेले. शेवटचा भारतात १ जानेवारी २०१७ च्या पहाटे ५:२९:५९ नंतर आला. २०३५ पर्यंत ही पद्धत बदलण्याचे आंतरराष्ट्रीय पातळीवर ठरले आहे. आपल्या पन्हळीत एक सेकंद म्हणजे मिलिमीटरचा एकशेऐंशीवा भाग, त्यामुळे तिला काही फरक पडत नाही. तिला फरक पडतो तो जूनमध्ये. पहिल्या पावसाआधी तार सैल करून ठेवा, नाहीतर गंजून तुटते, आणि पन्हळ उपडी घाला, नाहीतर गणपतीपर्यंत तिच्यात डास झालेले असतात.